रक्ताचे पाट आणि काळाचा घाला : महाड-पोलादपूरच्या जुन्या बातम्यांची भाषा

मराठीत युद्ध सांगण्याची भाषा आधी घडली. पूर, दरड, आग आणि साथ यांच्या बातम्यांची भाषा बरीचशी तिच्यातूनच आली. म्हणून पुराचा वेढा पडतो, पाऊस थैमान घालतो, जखमी माणूस मृत्यूशी झुंज देतो, बचावपथके शर्थ करतात आणि काळ घाला घालतो. वेढा किल्ल्याला पडत असे आणि घाला शत्रूच्या छावणीवर घातला जाई. आज हे शब्द वापरणाऱ्या बातमीदाराच्या मनात ना किल्ला असतो ना छावणी, तरी वाक्ये त्याच वळणाने येतात. हे वळण कसे पडले आणि त्याचा फायदा-तोटा काय झाला, हे पाहायला रायगड जिल्ह्यातले महाड आणि पोलादपूर हे दोन तालुके विशेष उपयोगी आहेत. इथे साडेतीनशे वर्षांत लढायाही झाल्या आणि आपत्तीही आल्या, आणि दोन्हींच्या बातम्या वेगवेगळ्या काळातल्या माणसांनी आपापल्या पद्धतीने सांगितल्या.

या प्रदेशाची ठेवणच अशी आहे की इथे काही ना काही घडत राहते. सावित्री महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते, पोलादपूरवरून महाडला येते आणि दासगावपुढे खाडी होऊन बाणकोटला समुद्राला मिळते. भरतीचे पाणी खाडीतून महाडच्या दिशेने वर चढते. उधाणाच्या वेळी घाटमाथ्यावर मुसळधार पाऊस असला तर वरून आलेल्या पुराला वाट मिळत नाही आणि पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरते. पूर्वेला सह्याद्रीची भिंत आहे, त्या भिंतीतून देशावर चढणारे घाट आहेत, आणि महाडच्या उत्तरेला रायगड आहे. ज्या वाटांवरून लष्करे उतरली त्याच उतारांवरून पावसाळ्यात माती खाली येते.

पहिली मोठी बातमी १० नोव्हेंबर १६५९ ची. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढू लागले की वाटेत प्रतापगड लागतो. त्याच्या पायथ्याशी अफझलखान मारला गेला आणि पार गावाच्या बाजूला तळ देऊन बसलेल्या त्याच्या फौजेचा मोड झाला. या एका घटनेची निदान तीन तऱ्हेची वर्णने आपल्यापुढे आहेत. ती शेजारी ठेवून वाचली तर वर्णनाची भाषा कशी घडते ते स्पष्ट दिसते.

एक वर्णन कवींद्र परमानंदांचे. ते मूळचे नेवाशाचे. त्यांचा मठ आणि समाधी पोलादपुरात आहे, हे महामार्गावरून जाणाऱ्या बहुतेकांना ठाऊक नसते. शिवाजी महाराजांच्या सांगण्यावरून त्यांनी ‘शिवभारत’ हे संस्कृत महाकाव्य रचायला घेतले. एकतीस अध्याय पुरे होऊन बत्तिसाव्याच्या सुरुवातीलाच ते थांबते. काव्याची मांडणी अशी की कवी काशीला गेला आहे आणि तिथल्या पंडितांना हा सारा वृत्तांत ऐकवतो आहे. म्हणजे सह्याद्री कधी न पाहिलेल्या श्रोत्यांना जावळीचे खोरे डोळ्यांपुढे उभे करून द्यायचे होते. त्यामुळे जावळीचे किर्र रान, उन्हाला वाव न देणारी झाडी, अरुंद वाटा यांना त्यात मोठी जागा मिळते. रणाचे वर्णन मात्र महाभारताच्या वळणाचे आहे. तिथे रक्ताच्या नद्या वाहतात आणि योद्धे एकमेकांना आव्हाने देतात. अरण्य आणि वाटा सांगताना कवी जे सांगतो त्यात या भूमीचे ज्ञान आहे. रण सांगताना तो जे सांगतो ते कुरुक्षेत्रावरही चालले असते. ‘रक्ताचे पाट वाहिले’ हे मराठी वाक्य या संस्कृत नदीचेच घरगुती रूप आहे.

दुसरे वर्णन शाहीर अगीनदासाच्या पोवाड्याचे. अज्ञानदास असेही त्याचे नाव सांगतात, आणि जिजाबाईंच्या सांगण्यावरून त्याने हा पोवाडा रचला असे मानले जाते. पोवाडा हे त्या काळचे बातमीपत्रच होते, फक्त ते वाचले जात नसे, ऐकले जाई. डफ-तुणतुण्याच्या साथीत, उघड्या मैदानावर, मागे बसलेल्यालाही नीट कळेल अशा बेताने ते सांगावे लागे. म्हणून पोवाड्यात पुनरुक्ती आहे, ठसक्याची छोटी वाक्ये आहेत, फुगवलेले आकडे आहेत. पण खान कोणत्या गावावरून कसा आला, त्याने वाटेत देवस्थानांना काय उपद्रव दिला, कोणते सरदार बरोबर होते, भेटीच्या मंडपात कोण कुठे होते, हा तपशीलही आहे. श्रोत्यांत त्या मुलुखातले लोक असत, आपला गाव चुकला तर ते शाहिराला तिथल्या तिथे सांगू शकत. ही तपासणी छापील कागदाला नाही. शाहिराने शौर्य कितीही वाढवले तरी वाट आणि गाव सांगताना त्याला जपून राहावे लागे.

तिसरे वर्णन कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीतले. राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून १६९७ च्या सुमारास जिंजीला ती लिहिली गेली. सभासदाची वाक्ये आखूड असतात, क्रियापद चटकन येते आणि गोष्ट पुढे सरकते. लढाई संपल्यावर तो हिशेबाला बसतो : ६५ हत्ती, ४,००० घोडे, १,२०० उंट, शिवाय जवाहीर, कापड, रोकड. आकडा दिला की वाचणाऱ्याला खरे वाटते, हे सभासदाला ठाऊक होते. हे आकडे एकेक मोजून घेतले होते असे समजायचे कारण नाही, कारण तो घटनेनंतर जवळपास चाळीस वर्षांनी, तिथून शेकडो कोस दूर बसून लिहीत होता. पण लुटीची यादी देण्याची ही पद्धत मराठीत रुजली. नुकसानीचे आकडे देऊन बातमी संपवण्याची आजची रीत तिच्याच वंशातली वाटते.

पोलादपूर तालुक्यातले उमरठ हे तानाजी मालुसऱ्यांचे गाव म्हणून ओळखले जाते. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री सिंहगडावर जे झाले त्याचा तुळशीदासाचा पोवाडा रायबाच्या लग्नापासून सुरू होतो. तानाजी लेकाचे लग्न बाजूला ठेवून निघतो. लढाईची बातमी घरातल्या प्रसंगापासून सुरू करण्याची ही युक्ती इतकी प्रभावी आहे की आजही अपघाताची बातमी लिहिताना लग्नाहून परतणारे कुटुंब, सणासाठी गावाला निघालेला चाकरमानी अशी सुरुवात बातमीदार हमखास शोधतो. सभासदाच्या बखरीत लग्न नाही. तिथे एक वेगळा तपशील आहे : गड हाती आल्यावर पागेच्या खणांना आग लावली, आणि तो उजेड राजगडावरून पाहून महाराजांना बातमी कळली. जाळाचा उजेड हीच बातमी, हे वर्णन कोणत्याही विशेषणाशिवाय मनात राहते. ‘गड आला पण सिंह गेला’ ही म्हण सर्वांच्या तोंडी आहे आणि हरि नारायण आपट्यांच्या कादंबरीचे ते नावही आहे. सभासदाकडे तो उद्गार थोडा वेगळा, एक गड मिळाला आणि एक गड गमावला अशा अर्थाचा आहे. बातमी जसजशी सांगितली जाते तसतशी तिची धार वाढवली जाते, याचा हा चांगला नमुना.

उलटा नमुना रायगडावरच सापडतो. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीजवळ सरनोबत प्रतापराव गुजर पडले. मुंबईकर इंग्रजांचा दुभाषी नारायण शेणवी त्या सुमारास रायगडावर गेला होता आणि त्याने एप्रिलमध्ये वरिष्ठांना पत्र लिहिले. दोन डोंगरांमधल्या अरुंद जागी बहलोलखानाशी लढताना प्रतापराव सहा घोडेस्वारांसह मारले गेले, बाकीची फौज त्यांच्यामागे आली नाही, एवढेच त्यात आहे. शौर्याचा गौरव नाही, रक्ताचा उल्लेख नाही, त्या सहा जणांची नावेही नाहीत. तरीही आज महाराष्ट्र ज्या सात वीरांना ओळखतो त्यांचा आकडा अशा कोरड्या कागदातून आला. पुढे कुसुमाग्रजांच्या कवितेने त्याला जे रूप दिले ते मराठी माणसाच्या मनातून जाणार नाही, आणि जाऊही नये. पण कविता उभी राहिली ती अरुंद खिंड, सहा स्वार आणि मागे राहिलेली फौज या तीन गोष्टींवर. पत्र लिहिणाऱ्याने त्या जागी नुसतेच ‘घनघोर रणकंदन माजले’ असे लिहून ठेवले असते तर कवीला काहीच मिळाले नसते.

रायगडावरची सर्वांत दुःखद बातमी ३ एप्रिल १६८० ची, महाराजांच्या निधनाची. ती सांगताना सभासद आपली आखूड, हिशेबी शैली सोडतो. पृथ्वी कापली, धूमकेतू उगवला, उल्का पडल्या, रात्री जोडीने इंद्रधनुष्ये दिसली, दिशा पेटल्या, शंभुमहादेवाच्या तळ्याचे पाणी लाल झाले आणि मासे बाहेर येऊन पडले, असे तो एकामागून एक सांगत जातो. हे पुराणातले उत्पात आहेत आणि ती यादी त्याने घडवलेली नाही, परंपरेने त्याच्या हाती दिलेली आहे. आजच्या वाचकाला त्यात खोटेपणा दिसू शकतो. तसा तो नाही. ज्याचा धनी गेला त्या माणसाला आपले दुःख सांगायला आपल्या भाषेत जो सर्वांत मोठा साचा मिळाला तो त्याने वापरला. मात्र साचा एकदा तयार झाला की तो लहानसहान प्रसंगांनाही लावला जातो. ‘आभाळ फाटले’, ‘धरणी दुभंगली’ ही वाक्ये पुढे प्रत्येक पावसाला आणि प्रत्येक अपघाताला मिळू लागली ती अशीच.

महाड-पोलादपूरच्या बाहेर पडून एका पत्राचा उल्लेख इथे करावाच लागतो, कारण मराठीतल्या आपत्तीच्या बातमीचा तो कळस आहे. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर जे झाले त्याची खबर पेशव्यांना एका सावकाराच्या चिठ्ठीतून लागली, असे सांगतात. दोन मोती गळाले, मोहरा हरवल्या आणि खुर्दा किती गेला याला मोजदाद नाही, अशा आशयाची ती चिठ्ठी. मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ, मोहरा म्हणजे सरदार, खुर्दा म्हणजे फौज. ही उपमा केवळ शोभेसाठी नव्हती. शत्रूच्या मुलुखातून जाणारे पत्र कोणाच्या हाती लागले तर वाचणाऱ्याला व्यवहारातल्या तोट्याचा कागद वाटावा, ही तिची गरज होती. सावकाराने आपल्या पेढीची भाषा वापरली आणि म्हणूनच ती जिवंत राहिली. मराठीने या एका घटनेतून ‘पानिपत होणे’ हा वाक्प्रचार घेतला.

१८१८ साली भाषा पुन्हा बदलली. कर्नल प्रॉथरच्या फौजेने रायगडाला वेढा दिला, समोरच्या डोंगरावरून गडावर गोळे टाकले, गडावर आग लागली आणि १० मे रोजी किल्ला इंग्रजांच्या हाती गेला. दुसऱ्या बाजीरावाची पत्नी वाराणसीबाई तेव्हा गडावर होती. १८८३ मध्ये निघालेल्या कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्याच्या गॅझेटियरात या वेढ्याची हकीगत आहे. ती लष्करी अहवालाच्या सुरात आहे : कोणत्या दिवशी कोणती तुकडी कुठे पोहोचली, कोणत्या दिवशी आग दिसली, किती खजिना मिळाला. मराठ्यांच्या राजधानीचे वाडे जळत होते याचे दुःख त्या सुरात असणे शक्यच नव्हते. जिंकणाऱ्याच्या अहवालात तारखा नेटक्या असतात आणि माणसे दिसत नाहीत. बखरीत माणसे ठसठशीत असतात आणि तारखा सैल. मराठी वर्तमानपत्र जन्माला आले तेव्हा हे दोन्ही वारसे त्याच्यापुढे होते.

मराठीतले पहिले वृत्तपत्र ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ ला निघाले, पुण्याचा ‘ज्ञानप्रकाश’ १८४९ मध्ये आणि ‘केसरी’ १८८१ मध्ये. याच काळात जुनी साधने छापून येऊ लागली. ‘काव्येतिहाससंग्रह’ १८७८ पासून बखरी आणि पत्रे प्रसिद्ध करू लागला. ॲकवर्थ आणि शाळिग्राम यांचा पोवाड्यांचा संग्रह १८९१ मध्ये आला, ज्यात अगीनदास आणि तुळशीदास दोघेही आहेत. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ मध्ये काढला, तोही पानिपतच्या काळाचा. १८९६ मध्ये रायगडावर टिळकांच्या पुढाकाराने शिवोत्सव झाला. बातम्या लिहिणारी पिढी आणि बखरी वाचणारी पिढी ही एकच पिढी होती. ज्या हातात दुपारी बखरीचा अंक असे त्याच हाताला रात्री पुराची, रेल्वे अपघाताची किंवा प्लेगची बातमी लिहावी लागे. युद्धाचे शब्द आपत्तीच्या बातमीत शिरले ते प्रामुख्याने इथे. छापखान्याची घाईही त्याला कारण झाली. तारेने आलेली बातमी दहा-वीस शब्दांची असे आणि रकाना भरायला तयार वाक्ये लागत. प्रेतांचा खच, हलकल्लोळ, आकांत, होत्याचे नव्हते, अशी वाक्ये खिळ्यांच्या पेटीत जणू जुळवूनच ठेवलेली असत.

१७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातली ही सर्वांत मोठी समुद्री दुर्घटना. अशा प्रसंगी मराठी बातमीत ‘जलसमाधी’ हा शब्द हटकून येतो. समाधी संत घेतात, स्वेच्छेने घेतात. ज्या माणसाने तिकीट काढून बोटीत पाऊल ठेवले आणि जो जिवाच्या आकांताने हातपाय मारत बुडाला, त्याच्या मरणाला हा शब्द लावला की बोट कोणत्या स्थितीत होती, किती माणसे चढवली होती, जीवरक्षक साधने होती का, हे प्रश्न मागे पडतात. शब्द आदराचा आहे, म्हणून तो अधिकच फसवतो.

युद्धाच्या भाषेचा विचारपूर्वक उपयोगही याच भूमीवर झाला. १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. दुसऱ्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली लोक चवदार तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव महाड नगरपालिकेने आधीच केलेला होता. त्यानंतर वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठवून परतणाऱ्या प्रतिनिधींवर हल्ले झाले. रस्त्यात, घरांत घुसून लोकांना मारले गेले. ३ एप्रिल १९२७ ला बाबासाहेबांनी ‘बहिष्कृत भारत’ हे पाक्षिक सुरू केले आणि त्या उन्हाळ्यातल्या अंकांत महाडच्या प्रकरणावर लेखमाला लिहिली. तिच्या मथळ्यांत त्यांनी ‘धर्मसंगर’ हा शब्द वापरला. संगर म्हणजे युद्ध. पण मथळा तिथे थांबत नाही. एका लेखात वरिष्ठ हिंदूंची जबाबदारी, एकात सरकारची, एकात अस्पृश्य वर्गाची, असा तो पुढे जातो.

मराठी पत्रकारितेच्या इतिहासात हे मथळे फार महत्त्वाचे आहेत. मारहाण झालेल्या लोकांची बातमी दयेच्या सुरात सांगणे सोपे होते. बाबासाहेबांनी त्यांना मार खाल्लेले दीन लोक म्हणून रंगवले नाही, एका न्याय्य युद्धातले लढवय्ये म्हणून उभे केले. मराठीत वीराचे मोठेपण सांगणारी जी भाषा बखरी-पोवाड्यांनी घडवली होती ती त्यांनी पाण्याच्या ओंजळीसाठी लढणाऱ्या माणसांना दिली. त्याच वेळी ‘जबाबदारी’ हा शब्द जोडून त्या भाषेची जुनी उणीव भरून काढली. बखरीतल्या युद्धात जय-पराजय देवाच्या आणि दैवाच्या हाती असतो. इथे कोणी काय करायला हवे होते आणि केले नाही, हे नाव घेऊन विचारले आहे. त्याच वर्षी डिसेंबरात सत्याग्रहासाठी निघालेली मंडळी बोटीने दासगावला उतरून महाडपर्यंत चालत गेली आणि २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्याचा खटला पुढे दहा वर्षे चालला आणि १९३७ मध्ये उच्च न्यायालयात अस्पृश्यांच्या बाजूने निकाल लागला. अस्पृश्यांना वगळण्याची पूर्वापार वहिवाट सिद्ध झाली नाही, हा मुद्दा त्या निकालात निर्णायक ठरला.

दासगाव हे नाव वर्तमानपत्रांत पुन्हा मोठ्या अक्षरांत आले ते २००५ मध्ये. २५ आणि २६ जुलैच्या पावसात महाड तालुक्यात दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथे दरडी कोसळल्या. पोलादपूर तालुक्यातही डोंगर खाली आले. दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. त्याच २६ जुलैला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता आणि मोठ्या वृत्तपत्रांची पाने मुंबईने भरून गेली होती. महाडच्या वाड्यांच्या वाट्याला बरेचदा तयार वाक्ये आली : निसर्ग कोपला, डोंगर काळ बनून आला, झोपेतच घाला पडला.

ही वाक्ये लिहिणाऱ्यांचे दुःख खरे होते, यात शंका नाही. पण डोंगर शत्रू नसतो. पावसाचे पाणी मातीच्या थरात मुरते, खालच्या कातळावर अडते, मातीचे वजन वाढते आणि तिची पकड सुटते. उतारावर झाडी राहिली नसेल, रस्त्यासाठी किंवा घरांसाठी पायथा खणला असेल, वरचे पऱ्हे बुजवले असतील तर हे लवकर घडते. बऱ्याचदा त्याआधी जमिनीला भेगा पडतात, झाडे तिरपी होतात, झऱ्याचे पाणी अचानक गढूळ येते किंवा बंद होते. या गोष्टी गावातली वयस्क माणसे पाहतात आणि बोलतातही. ‘घाला’ म्हटले की हल्ला अचानक आणि अदृश्य शत्रूकडून आला असे ठरून जाते. मग भेगा कोणी पाहिल्या होत्या, कोणाला सांगितल्या होत्या, हे विचारायचे राहून जाते.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा १९२८ साली बांधलेला दगडी पूल पुरात वाहून गेला. दोन एसटी गाड्या आणि काही छोटी वाहने नदीत गेली. सुमारे चाळीस माणसे मरण पावली किंवा बेपत्ता झाली. गाड्यांतले कोणी सांगायला उरले नाही. काही मृतदेह खाडीच्या तोंडापर्यंत, समुद्रकिनाऱ्यावर जाऊन सापडले. या बातमीतली सर्वांत परिणामकारक वर्णने ती होती ज्यांत कल्पनेने काहीच रंगवलेले नव्हते : अंधारात रस्ता अचानक संपतो, शेजारचा नवा पूल उभा आहे, जुना नाही. जिथे सावित्री ‘रक्तपिपासू’ किंवा ‘कर्दनकाळ’ झाली तिथे वाचकाचे लक्ष नदीकडे गेले. पुलाचे वय, त्याची तपासणी, त्यावरून सुरू ठेवलेली वाहतूक या गोष्टींकडे ते जायला हवे होते. वाहून गेलेल्या पुलाच्या जागी नवीन पूल २०१७ च्या जूनमध्ये, काम सुरू झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत उभा राहिला. तो इतक्या लवकर होऊ शकतो, हीदेखील एक बातमीच होती.

२२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळिये गावच्या वाडीवर दरड आली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच दिवसांत पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळे इथेही घरे गाडली गेली आणि महाड शहर पाण्याखाली होते. रस्ते बंद, फोन बंद, वीज नाही. बातमी बाहेर यायला वेळ लागला आणि मदत पोहोचायला त्याहून अधिक. २०२१ च्या वार्तांकनात एक फरक मात्र जाणवला. गावकऱ्यांचे शब्द त्यात जास्त आले. पाणी पोटमाळ्यापर्यंत आले, दुपारी डोंगराचा आवाज झाला, आम्ही खालच्या अंगाला पळालो, अशी वाक्ये मोबाइलवर घेतलेल्या मुलाखतींतून थेट वाचकांपर्यंत आली. पूर मोजताना महाडकर फूट-मीटर सांगत नाहीत. कोणत्या चौकात, कोणत्या दुकानाच्या कितव्या पायरीपर्यंत पाणी होते, हे ते सांगतात. अभियंत्याला नकाशा आखताना हीच माहिती उपयोगी पडते आणि वाचकालाही पूर याच वाक्यातून दिसतो. पोवाड्यातल्या शाहिराला जशी गावांची नावे चुकवून चालत नव्हते, तसे इथे पायरी चुकवून चालत नाही.

जुन्या बातम्यांची जोरकस भाषा टाकून द्यावी असा याचा अर्थ नाही. नुसत्या आकड्यांची बातमी वाचून कोणी मदतीला धावत नाही. शोकाची बातमी शोकाच्या भाषेत यावी हे माणुसकीला धरूनच आहे. सभासदाने उत्पातांची यादी दिली म्हणून त्याच्या काळचे दुःख आपल्याला कळते. प्रश्न जागेचा आहे. ज्या वर्णनात घाट, पाऊल, पायरी, उजेड, वेळ आहे ते वर्णन शेकडो वर्षांनी उपयोगाला येते. ज्यात फक्त तांडव आहे ते दुसऱ्या दिवशीच्या दुसऱ्या तांडवात मिसळून जाते. आणि ज्या बातमीत ‘जबाबदारी’ हा शब्द कुठेच नाही ती कितीही हृदयद्रावक असली तरी अपुरी आहे, हे १९२७ मध्ये महाडनेच दाखवून दिले आहे.

महाड आणि पोलादपूरमध्ये आज २००५ चा पाऊस आठवणारी माणसे आहेत. त्या आठवड्याची स्थानिक वर्तमानपत्रे, ग्रामपंचायतींच्या नोंदी, हस्तलिखित याद्या अजून कोणाच्या तरी कपाटात असतील. महाडमध्ये दरवर्षी पाणी येते आणि त्यात कागद भिजून जातात. तालुक्यातल्या वाचनालयांनी, शाळांनी आणि महाविद्यालयांनी ही कात्रणे व नोंदी आत्ताच उंचावरच्या खोलीत हलवाव्यात, त्यांच्या छायाप्रती कराव्यात, आणि दरड पाहिलेल्या माणसांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत, गाव, वाडी आणि वेळ यांसह लिहून घ्यावे.